रिपोर्टमधला 'ट्रेट', आईचे 'कमी रक्त' आणि मामाची मुलगी

तासगाव तालुक्यातील एका तरुण द्राक्षबागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात हिमोग्लोबिन १२.१ भरल्यामुळे त्यांचे रक्त घेतले गेले नाही. पुढच्या तपासणीत तांबड्या पेशींची संख्या ६१ लाख, पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा म्हणजे एमसीव्ही ६३ आणि हिमोग्लोबिन ए-टू ५.२ टक्के निघाले, आणि खाली 'बीटा थॅलसेमिया ट्रेट' असा शेरा आला (थॅलसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसे तयार न होण्याचा आनुवंशिक विकार). तुलसीविवाहानंतर त्यांचे लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी ठरलेले आहे. गावातल्या डॉक्टरांनी 'मायनर आहे, काळजी करू नका' असे सांगितले. चुलते म्हणाले, 'घराण्यात आनुवंशिक रोग निघाला'. आणि मोबाइलवर शोधल्यावर वाहक, हेटेरोझायगस, अप्रभावी, उत्परिवर्तन, जन्मजात अशा शब्दांनी डोके भणाणून गेले. या शब्दांचे अर्थ काय, मला रोग आहे की नाही, आणि हे लग्न मोडावे का, असे त्यांनी विचारले आहे. जाता जाता त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत: आईचे रक्त पहिल्यापासून कमीच असते, त्यामुळे ती वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेते, आणि धाकटी बहीण बारावीत आहे, तिला हे सांगावे की नाही ते कळत नाही.

मी गेली सव्वीस वर्षे मिरजेत पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करतो आणि त्यातला बराच काळ रक्ताच्या आनुवंशिक विकारांच्या तपासण्यांत व त्यानंतर कुटुंबांशी बोलण्यात गेला आहे. तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी आजच देऊ शकतो. तिसऱ्याचे उत्तर आज कोणीच देऊ नये, कारण त्यासाठी लागणारी निम्मी माहिती अजून कोणाच्याच हातात नाही. खरा प्रश्न असा आहे की तुमच्यातला हा बदल आईकडून आला की वडिलांकडून, आणि तुमच्या होणाऱ्या पत्नीच्या रक्तात तो आहे की नाही. म्हणून आईच्या गोळ्यांविषयीचे तुमचे वाक्य मला साऱ्या पत्रात मोलाचे वाटले. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपल्या पेशींच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या; प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांबच लांब धागा, आणि जनुक म्हणजे त्या धाग्यावरचा ठरावीक भाग, ज्यात बहुतेक वेळा एखादे प्रथिन कसे तयार करायचे याची कृती लिहिलेली असते. माणसात प्रथिनांच्या कृती सांगणारी अशी सुमारे २०,००० जनुके आहेत. गुणसूत्रे जोडीने असल्यामुळे यांपैकी बहुतेक प्रत्येक कृतीच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. या 'दोन प्रती' एवढ्या लक्षात ठेवल्या, की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात.

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनच्या बहुतेक रेणूंत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीची कृती ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. तुमच्याकडे तिच्या दोन प्रती आहेत. एक चांगली आहे आणि एकीत लिखाणाची चूक आहे. या चुकीलाच उत्परिवर्तन म्हणतात. बीटा जनुकात अशा अनेक चुका सापडल्या आहेत. भारतात सर्वांत जास्त आढळणारी चूक एका अक्षराची आहे, आणि गंमत म्हणजे ती कृतीच्या मजकुरात नसून 'इथून इथपर्यंतचा मजकूर गाळावा' अशा खुणेजवळ असते. खूण बिघडल्यामुळे नको असलेला मजकूर आत राहतो आणि बीटा साखळी फारच कमी तयार होते. तुमच्यात हीच चूक आहे की दुसरी, हे जनुकीय चाचणीवाचून सांगता येत नाही, आणि आज ते कळण्याची गरजही नाही.

एक प्रत अधू असली तरी दुसरी काम चालवून नेते. पेशी थोड्या लहान होतात, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी शरीर त्या अधिक संख्येने बनवते. तुमच्या अहवालात नेमके हेच दिसते. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान होतात, पण तेव्हा त्यांची संख्याही सहसा कमी होते, कारण कच्चा मालच अपुरा असतो. म्हणून आम्ही एक साधा भागाकार करतो: एमसीव्हीला दशलक्षांत मोजलेल्या पेशींच्या संख्येने भागायचे. तुमचे ६३ भागिले ६.१ म्हणजे सुमारे १०.३ येतात. उत्तर १३ च्या खाली आले तर थॅलसेमियाचा संशय घ्यायचा आणि वर गेले तर लोहाच्या कमतरतेचा. हा केवळ अंदाज असतो, त्यावर शिक्का मारायचा नसतो. शिक्का मारते ती एचपीएलसी ही तपासणी, जिच्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. हिमोग्लोबिन ए-टू साधारणपणे ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर वाहक समजतात. तुमचे ५.२ आहे, त्यामुळे शंकेला जागा फारशी उरत नाही.

आता तुमच्या अहवालातले आणि मोबाइलवरचे चार शब्द घ्या: ट्रेट, मायनर, वाहक, हेटेरोझायगस. बीटा थॅलसेमियाच्या संदर्भात चारही एकाच अवस्थेची नावे आहेत. दोन प्रतींपैकी एकच बदललेली आहे, इतकाच त्यांचा अर्थ. दोन्ही प्रतींत एकच बदल असेल तर होमोझायगस म्हणतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, पण दोघींतले बिघाड निराळे आहेत, अशी तिसरी अवस्थाही असते आणि परिणामाच्या दृष्टीने तीही गंभीर ठरू शकते. मायनर शब्दाविषयी माझी मात्र तक्रार आहे. एकदा एका आजोबांनी मला विचारले, 'डॉक्टर, ह्या मायनरचं मेजर किती वर्षांनी होतं?' त्यांची चूक नव्हती; शब्दच तसा आहे. मेजर म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यामुळे होणारा गंभीर आजार; मायनरचे मेजर कधीही होत नाही. वयाच्या पंचविशीत जी अवस्था आहे तीच पंचाहत्तरीत असते. म्हणून मी रुग्णांशी बोलताना 'वाहक' म्हणतो. आपल्याकडे सायकलच्या कॅरिअरवर मागे ओझे बांधलेले असते. सायकल तरीही नीट चालते, फक्त ते ओझे पुढे कुठेतरी उतरवले जाऊ शकते, एवढे ध्यानात ठेवायचे.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: तुम्हाला रोग नाही. तुम्ही बागेत कष्टाची कामे करू शकता, तुमचे आयुष्य यामुळे कमी होत नाही, आणि यावर औषध घ्यायचे नसते. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असल्यामुळे रक्तदान करू दिले गेले नाही, तो तर नियमच आहे आणि तुमच्या हिताचा आहे.

पण 'तुम्हाला रोग नाही' हे अर्धेच वाक्य आहे, आणि ते अर्धेच सांगून थांबण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी एक तरुणी पहिल्या गरोदरपणात तपासणीला आली होती. अहवाल तुमच्यासारखाच होता. मी तिला 'मायनर आहे, काही होत नाही' असे सांगून पाठवले; तिच्या नवऱ्याचे रक्त तपासायला सांगितले नाही. सुमारे सव्वा वर्षाने ती दोघे आठ महिन्यांचे फिकट पडलेले, पोट फुगलेले मूल घेऊन आली. मुलाला थॅलसेमिया मेजर होता, आणि नवरा तपासला तर तोही वाहक निघाला. ती दोघे नात्यातली नव्हती. त्या दिवसापासून माझ्या लॅबमधून वाहकाचा एकही अहवाल 'जोडीदाराची तपासणी करावी' या ओळीशिवाय बाहेर गेलेला नाही. वाहक या शब्दाला एकट्याने पुरता अर्थ नाही. जोडीदाराचा कागद शेजारी ठेवल्यावरच त्याचा अर्थ पूर्ण होतो.

असे का, ते पाहा. मुलाला प्रत्येक पालकाकडून दोनांपैकी एकच प्रत मिळते, आणि कोणती मिळेल ते नाणेफेकीसारखे असते. एक पालक वाहक आणि दुसरा वाहक नसेल, तर प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता ५० टक्के आणि मेजर होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मेजरची, ५० टक्के वाहकाची आणि २५ टक्के पूर्णपणे सुटण्याची. येथे 'प्रत्येक गरोदरपणात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन तरी चांगली होतील' असे मला सांगणारी माणसे भेटली आहेत. नाण्याला मागच्या वेळचा छाप आठवत नाही.

अप्रभावी या शब्दाचा अर्थही यातूनच उलगडतो. एका प्रतीत बदल असताना दुसऱ्या प्रतीने काम भागते आणि आजार झाकलेला राहतो, तेव्हा त्या आजाराची आनुवंशिकता अप्रभावी म्हणतात. एका प्रतीतल्या बदलानेच आजार होत असेल तर ती प्रभावी. शेतातल्या वाटाण्यांवर काम करून मेंडेलने १८६५ मध्ये हे गणित मांडले, तेव्हा जनुक हा शब्दसुद्धा नव्हता. प्रभावी म्हणजे जोरदार किंवा समाजात अधिक पसरलेले, आणि अप्रभावी म्हणजे दुबळे, असा अर्थ कृपया घेऊ नका. अप्रभावी बदल पिढ्यान्पिढ्या निमूटपणे चालत राहतात, म्हणूनच ते 'आमच्या घराण्यात असले काही नाही' अशा घराण्यांतूनही निघतात.

तुमच्या चुलत्यांनी वापरलेला 'आनुवंशिक' हा शब्द मात्र जरा थांबून पाहावा लागेल, कारण आपल्याकडे आनुवंशिक, जन्मजात, जनुकीय आणि कौटुंबिक हे चार शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि त्यातून अकारण घरे दुखावतात. जन्मजात म्हणजे जन्मावेळी असलेले, मग कारण काहीही असो. गरोदरपणात आईला रुबेला झाल्यामुळे बाळाला आलेला मोतीबिंदू जन्मजात आहे, पण आनुवंशिक नाही. जनुकीय म्हणजे जनुकांतल्या किंवा गुणसूत्रांतल्या बदलामुळे झालेले, मग तो बदल आईबापांकडून आलेला असो वा नसो. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचे गुणसूत्र जास्तीचे असते, परंतु बहुतांश वेळा ती बीजपेशी तयार होतानाची चूक असते आणि आईवडिलांची गुणसूत्रे बरोबर असतात. आनुवंशिक म्हणजे एका पिढीकडून दुसरीकडे आलेले. आणि कौटुंबिक म्हणजे एका कुटुंबात अनेकांना दिसणारे. त्याचे कारण जनुके असू शकते, तसेच एकच स्वयंपाकघरही असू शकते. मधुमेहात बहुधा दोन्हींची सरमिसळ असते.

थॅलसेमिया मेजर आनुवंशिक आहे, परंतु जन्मलेले बाळ तरतरीत दिसते. गर्भात आणि पहिल्या काही महिन्यांत गर्भावस्थेतले निराळे हिमोग्लोबिन काम करते, ज्यात बीटा साखळी नसतेच. ते ओसरू लागले की सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत केव्हातरी आजार उघडा पडतो. त्यामुळे 'बाळ जन्मताना छान होते, मग नजर लागली' असे समजुतीचे घोटाळे होतात. पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातून साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी आयुष्यभर औषध घ्यावे लागते. जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा बरे करण्याचा मार्ग आहे, पण तो सर्वांना साधत नाही. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. दोन वाहकांच्या गाठीचा प्रश्न एवढ्या गांभीर्याने का घ्यायचा, ते कळावे म्हणून लिहितो.

तुम्ही द्राक्षवाले आहात, म्हणून आणखी एक गोष्ट तुमच्याच बागेतून सांगतो. डॉगरिज या जातीच्या खुंटावर तुम्ही थॉमसन या द्राक्षजातीची काडी भरता, म्हणजे कलम करता. त्या एका जातीच्या साऱ्या वेलींची जनुके जवळजवळ सारखीच असतात, कारण त्या बियांपासून नव्हे तर काड्यांपासून वाढलेल्या असतात. तरीही तुमच्या बागेतला आणि शेजारच्या बागेतला घड सारखा भरत नाही. पाणी, छाटणीची वेळ, खत आणि डाऊनी या वेलींवरच्या रोगाचा हल्ला यांनी फरक पडतो. आत लिहिलेल्या मजकुराला जनुकरूप म्हणतात आणि डोळ्यांना जे दिसते त्याला दृश्यरूप. एकच बदल असलेल्या दोन भावांपैकी एकाचे हिमोग्लोबिन १३ आणि दुसऱ्याचे ११ असू शकते, यात नवल नाही. शिवाय तुमच्याच तालुक्यात नावारूपाला आलेली तास-ए-गणेश ही थॉमसनमधूनच वेगळी निवडलेली जात आहे. म्हणजे उत्परिवर्तन हा शब्द ऐकला की शाप असे समजू नये. कधी तो आजार देतो, कधी लांब मणी देतो आणि बहुतेक वेळा काहीच करत नाही. याच कारणासाठी आजकाल जनुकीय अहवालात 'बदल' हा तटस्थ शब्द घालून त्याची पाच पायऱ्यांवर प्रतवारी करतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी.

आता आईकडे येऊ. आपल्या भागातल्या बायकांत लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे की 'रक्त कमी' एवढ्यावरून त्या थॅलसेमियाच्या वाहक आहेत असे म्हणता येत नाही. पण वर्षानुवर्षे गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नसेल, तर गोळ्यांवर नव्हे, निदानावर शंका घ्यावी. त्यांचा सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची मोजणी), फेरिटिन आणि एचपीएलसी करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. दोन खाचखळगे सांगून ठेवतो. लोह फार कमी असेल तर ए-टू चा आकडा खाली दबतो आणि वाहक असूनही सुटल्यासारखे दिसते. उलट बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी असेल तर तो आकडा किंचित वर जाऊ शकतो, आणि पक्क्या शाकाहारी घरांत हे मी अनेकदा पाहिले आहे. आकडा ३.३ ते ३.८ अशा उंबरठ्यावर आला तर कमतरता भरून काढून पुन्हा तपासावे, नाहीतर जनुकीय चाचणी करावी.

समजा आई वाहक निघाल्या. मग त्यांना तो बदल तुमच्या आजोळच्या आजोबांकडून किंवा आजीकडून मिळाला आहे, आणि मामांना तो मिळाला असण्याची शक्यता ५० टक्के आहे. मामांकडून त्यांच्या मुलीला मिळण्याची शक्यता त्याच्या निम्मी, म्हणजे २५ टक्के. ती वाहक असेल तरच मुलाला मेजर होण्याची २५ टक्के शक्यता, म्हणजे आज, तिची तपासणी होण्यापूर्वी, प्रत्येक मुलामागे सोळात एक. समजा आई वाहक नाहीत आणि वडील निघाले. मग मामांच्या घराचा या बदलाशी काहीच संबंध उरत नाही आणि त्यांची मुलगी कोणत्याही परक्या मुलीइतकीच ठरते. भारतात वाहकांचे प्रमाण सर्वसाधारणपणे ३ ते ४ टक्के धरतात, समाजागणिक ते कमीजास्त असते. त्या हिशेबाने मुलाचा धोका शंभरात एकाच्या आसपास येतो. नातेसंबंध तोच, लग्न तेच, परंतु बदल कोणत्या बाजूने आला यावर एवढा फरक पडतो. 'नात्यातले लग्न वाईट' किंवा 'नात्यातल्या लग्नाने काही होत नाही' ही दोन्ही ठोक विधाने मला म्हणूनच पटत नाहीत.

आणि हा सगळा हिशेब एका तपासणीने निकालात निघतो. मुलीचा सीबीसी आणि एचपीएलसी करा. सोळात एक म्हणा की शंभरात एक म्हणा, त्या आकड्यांची जागा 'नाही' किंवा 'आहे' घेईल. मुलीची थेट एचपीएलसीच करावी असे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. बीटा थॅलसेमियाच्या वाहकाची गाठ सिकलसेलच्या किंवा हिमोग्लोबिन-ई च्या, म्हणजे याच बीटा जनुकातल्या दुसऱ्या बदलांच्या, वाहकाशी पडली तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. केवळ तुमच्यातली चूक तिच्यात शोधली तर हे निसटेल, एचपीएलसीत दिसेल.

तिची एचपीएलसी स्वच्छ आली तर थॅलसेमियापुरती चिंता मिटली. नात्याचा प्रश्न मात्र तेवढ्याने मिटत नाही, आणि हे न सांगता तुम्हाला सोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आतेमामे भावंडांची सरासरीने एक अष्टमांश जनुके एकाच आजीआजोबांकडून आलेली असतात. आपल्यापैकी प्रत्येकात काही ना काही अप्रभावी बदल निमूटपणे बसलेले असतात. परक्याशी लग्न झाल्यास तोच बदल समोर येण्याचा संभव कमी, नात्यात झाल्यास जास्त. गंभीर जन्मजात व्यंगाचा धोका सर्वसाधारण जोडप्यात २ ते ३ टक्के धरतात. सख्ख्या आतेमामे भावंडांत तो आणखी २ ते ३ टक्क्यांनी वाढतो. याचाच दुसरा अर्थ असा की शंभरातली ९४-९५ मुले सुखरूप असतात. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि लोक आपल्याला सोयीचे तेवढेच ऐकतात.

मामाची मुलगी करणे ही आपल्या भागातली जुनी रीत आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ आणि बहीण यांच्या मुलांचे नाते निषिद्ध नात्यांत धरले आहे, पण रूढी असल्यास त्याला सूट आहे. त्यामुळे तुमचे ठरलेले लग्न काही जगावेगळे नाही. मात्र एकाच घरात पिढ्यान्पिढ्या अशी लग्ने झाली असतील, तर एक अष्टमांशाचा हिशेब मोडतो आणि वाटा वाढतो. म्हणून माझ्याकडे अशी जोडपी आली, की मी आधी कागदावर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतो. या कामात आजीइतके कोणी उपयोगी पडत नाही. तरुणांना विचारले तर 'घरात सगळे चांगले' असे ऐकायला मिळते. आजीला विचारले की कळते, दोन मुले पाळण्यातच गेली होती, एक आत्या जन्मतः बहिरी होती, एका चुलत्याची लग्नाआधीच रातांधळेपणाने नजर गेली. गेलेली मुले लोक मोजत नाहीत. मला ती मोजावीच लागतात. अशी एखादी घटना निघाली तर आणखी तपासण्यांचा विचार करावा लागतो. काहीच निघाले नाही तरी शेकडो जनुके एकदम तपासणाऱ्या चाचण्या आज मिळतात, परंतु त्या महाग आहेत, त्यांत 'अर्थ अनिश्चित' असा शेरा वारंवार येतो, आणि त्या शेऱ्यावर लग्नाचा निर्णय घेणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. समुपदेशकाशी बोलल्याशिवाय त्यात उतरू नका.

दोघेही वाहक निघालात तर? तरीही 'मोडा' असे मी सांगणार नाही. तो अधिकार माझा नाही. पर्याय सांगेन. लग्न न करणे हा एक पर्याय. लग्न करून मूल दत्तक घेणे हा दुसरा. तिसरा म्हणजे गर्भाची तपासणी: ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन, गर्भाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळाल्या आहेत का ते पाहतात. त्यासाठी तुम्हा दोघांतल्या नेमक्या चुका आधीच शोधून ठेवाव्या लागतात. हे काम गरोदर राहिल्यानंतर सुरू केले तर हातात वेळ उरत नाही, आणि मी अशी धावपळ पुष्कळ पाहिली आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही या विषयातली जुनी सरकारी संस्था आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याने अशा आनुवंशिक तपासण्यांना नोंदणीकृत केंद्रात परवानगी दिली आहे. लिंग सांगायला मात्र सक्त मनाई आहे. गर्भ बाधित निघाल्यास पुढे काय करायचे हा तुम्हा दोघांचा, आणि कायद्याच्या चौकटीत प्रथमतः तिचा, निर्णय आहे. आयव्हीएफ करून, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून, तो रुजवण्याआधीच तपासण्याचा चौथा मार्गही आहे, पण त्याचा खर्च सर्वांना झेपणारा नाही. यांतले कोणते मनाला पटते ते श्रद्धा, पैसा, वय आणि घरातला आधार यांवर अवलंबून असते, आणि एकसारखा अहवाल असलेल्या दोन जोडप्यांनी पूर्ण विरुद्ध निर्णय घेतलेले मी पाहिले आहेत. दोन्ही आपापल्या जागी योग्य होते.

गोळ्यांविषयी दोन शब्द. तुम्हाला किंवा आईला लोह केवळ हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून देऊ नये. फेरिटिन कमी असेल तरच आणि तेवढ्यापुरतेच द्यावे. वाहकालाही लोहाची कमतरता होऊ शकते, त्यामुळे 'थॅलसेमियात लोह कधीच नको' ही उलटी टोकाची समजूतही चुकीचीच आहे. आईच्या गोळ्या मात्र तुम्ही परस्पर बंद करू नका. अहवाल आल्यावर त्यांच्या डॉक्टरांना दाखवून ठरवा.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात आई आणि वडील या दोघांचे रक्त द्या, त्याच सुमारास मुलीचेही. वडिलांना वगळू नका; आई वाहक निघाल्या तरी तेही वाहक नाहीत हे गृहीत धरता येत नाही. मुलीला तपासणीसाठी नेताना कारण लपवू नका. 'लग्नाआधीची नेहमीची तपासणी' असे सांगून रक्त घेतल्याचे आणि नंतर त्यावरून दोन घरांत अबोला झाल्याचे मला माहीत आहे. मामांशी तुम्ही स्वतः बोला, चुलत्यांमार्फत नको. आणि बोलताना आधी तुमचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवा, म्हणजे दोष त्यांच्या मुलीत शोधला जातो आहे असे त्यांना वाटणार नाही.

धाकट्या बहिणीत हा बदल असण्याची शक्यता ५० टक्के आहे. तिला सांगावे, कारण हे तिचेही आहे. पण तपासणीची घाई नाही. बारावी होऊ द्या. तिला १८ वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या इच्छेने, आणि स्थळे पाहायला सुरुवात होण्यापूर्वी, एचपीएलसी करून घ्यावी. तो कागद तिच्याजवळ राहील आणि कोणाला केव्हा दाखवायचा ते ती ठरवेल, एवढे घरात आधीच बोलून ठेवा.